वाचकांचे प्रश्न : क्यू हाती आला, यू नाही

पावसाने बाहेर पडणे बंद झाले की स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइलींतून इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळाचा, पट निघतो आणि पाठोपाठ वाद. या वेळचे बहुतेक प्रश्न त्या वादांतूनच आले आहेत. खालचे सगळे शब्द कॉलिन्स या इंग्रजी कोशाच्या स्क्रॅबल-यादीतले आहेत. भारतातल्या स्पर्धा तीच यादी धरून होतात. अमेरिकेत दुसरी यादी चालते आणि झेड-ओ, सी-एच असे काही शब्द तीत नाहीत. म्हणून कोणती यादी मानायची हे पहिली टाइल काढण्याआधीच ठरवा.

प्रश्न (फोंडा) : क्यू आला की मी यू येईपर्यंत थांबते. बरेचदा डाव संपतो आणि क्यू हातातच राहतो. काय करावे?

थांबू नका. 100 टाइलींत यू फक्त 4 आहेत, दोन्ही ब्लँक (कोणत्याही अक्षराऐवजी चालणाऱ्या कोऱ्या टाइली) धरले तरी सहाच. डाव संपताना क्यू हातात राहिला तर तुमचे 10 गुण वजा होतात आणि ज्याने टाइली संपवल्या त्याला तेच 10 मिळतात. म्हणजे 20 गुणांचा फटका.

सर्वांत आधी क्यू-आय पाठ करा. अर्थ : चिनी विचारातली प्राणशक्ती. या इवल्याशा शब्दाची ताकद पाहा. पटावर एस-ए-आर-आय, म्हणजे साडी, आडवी लागली आहे. शेवटच्या आयच्या बरोबर वरचे घर तिप्पट अक्षराचे आहे, म्हणजे तिथल्या अक्षराचे गुण तिप्पट होतात. तिथे क्यू ठेवा आणि क्यूच्या उजवीकडे तुमच्या हातातला आय. आडवा क्यू-आय झाला, उभाही क्यू-आय झाला. क्यूचे 30 आणि आयचा 1, असे 31 दोनदा मोजायचे : 62 गुण, दोन टाइलींत. फक्त साडीच्या उजवीकडचे घर आणि नव्या दोन टाइलींच्या वरची व दोन्ही बाजूंची घरे रिकामी आहेत ना, हे टाइल ठेवण्यापूर्वी बघा. चूक तिथेच होते.

पुढचे शब्द आपल्या कानावरचेच आहेत : काझी (क्यू-ए-डी-आय, यात झेड नाही), फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू), बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए, यात यू आहे, पण क्यूच्या आधी), वक्फ (डब्ल्यू-ए-क्यू-एफ). एस-यू-क्यू म्हणजे अरबी बाजार. क्यू-ए-टी हे एक झुडूप, येमेनमध्ये त्याची पाने चघळतात. कव्वालीही चालते, पण तिला दोन डब्ल्यू लागतात आणि सगळ्या पिशवीत डब्ल्यू दोनच आहेत. तिच्यासाठी अडून बसू नका. इराक आणि कतार ही विशेषनामे, ती बाद.

प्रश्न (म्हापसा) : मुलाने जी-ओ-ए लावला. राज्याचे नाव कसे चालेल, यावर घरात भांडण झाले.

राज्य म्हणून नाही चालत, पण शब्द चालतो. तिबेटच्या पठारावर चिंकाऱ्यासारखे एक हरीण असते, त्याचे इंग्रजी नाव हेच. अनेकवचनाला एस लावा. मुलाचे गुण त्याला परत द्या! एक मात्र सांभाळा : याच्या शेवटी डी, एल, एस किंवा टी जोडला की लगेच नवा शब्द होतो. शब्दाला लागूनचे घर तिप्पट शब्दाच्या (अख्ख्या शब्दाचे गुण तिप्पट करणाऱ्या) घराच्या ओळीत येत असेल तर तुम्ही प्रतिस्पर्ध्याला दार उघडून दिलेत.

प्रश्न (डिचोली) : फेणी, विंदालू असले आपले शब्द चालतात का?

दोन्ही चालतात. फेणी दोन प्रकारे लिहितात : एफ-ई-एन-आय आणि एफ-ई-एन-एन-वाय. विंदालू आठ अक्षरी आहे, तेव्हा पटावरच्या एका अक्षराला धरून हातातल्या सातही टाइली लावता आल्या तर 50 गुणांचा बोनस मिळतो. ज्वारी (जे-ओ-डब्ल्यू-ए-आर) आणि लाख (एल-ए-के-एच) हे तर अवजड अक्षरे खपवायला उत्तम. तूप दोन प्रकारे लिहिता येते, जी-एच-ई-ई किंवा जी-एच-आय. दुसरा प्रकार अडचणीच्या जागी जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न (मडगाव) : हातात नुसते स्वर येतात तेव्हा?

ए-आय म्हणजे दक्षिण अमेरिकेतला तीन नखांचा स्लॉथ. ए-ए म्हणजे खडबडीत लाव्हा, शब्द हवाईचा. ए-आय-ए म्हणजे आया, दाई, पोर्तुगीजांकडून आलेला. यू दोन आले तर यू-एल-यू, हा इन्युइट बायकांचा सुरा. पाच स्वर साठले असतील तर मात्र एकदोन खपवून भागत नाही. पिशवीत निदान 7 टाइली शिल्लक असताना सरळ बदलून घ्या. पाळी जाते, पण तीन पाळ्या रडतखडत चार-चार गुण काढण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न (पेडणे) : आणि एकही स्वर नसेल तर?

सी-डब्ल्यू-एम, उच्चार 'कूम' : डोंगरातली खोलगट दरी. वेल्श भाषेत डब्ल्यू स्वराचे काम करतो, त्यामुळे हा शब्द उभा राहतो. एन-टी-एच, टी-एस-के, पी-एस-टी, एस-एच, एच-एम हेही चालतात. व्हीचे दोन अक्षरी शब्द मात्र एकही नाहीत. सीचा एकच, सी-एच. म्हणून व्ही बाजूच्या ओळीत सहज चिकटवता येत नाही. उलट पुढे असताना प्रतिस्पर्ध्याची वाट अडवायला तो चांगला.

प्रश्न (साखळी) : शब्द पाठ होत नाहीत.

कोशातल्या क्रमाने पाठ करू नका. आधी दोन अक्षरी, मग क्यू, झेड, जे, एक्सचे तीन अक्षरी, मग बाकीचे. शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे कार्डावर लिहा, जुळलेला शब्द आणि अर्थ मागे. कार्डावर ओ-झेड दिसले की झेड-ओ सुचला पाहिजे : याक आणि गाय यांचा संकर. त्याच कार्डाच्या मागे पुढून-मागून जोडता येणारी अक्षरेही लिहा. झेड-ओच्या आधी ए किंवा डी, नंतर ए, एल, ओ किंवा एस. चुकलेले कार्ड दुसऱ्याच दिवशी पुन्हा काढा, बरोबर आलेले आठवड्याने.