नोकास्टर: नाव कापल्यावर पडलेलं नाव

प्रश्न असा आहे: ‘जुन्या गिटारींच्या जाहिरातींत “१९५१ ची फेंडर नोकास्टर” असं वाचायला मिळतं. टेलिकास्टरच्या आधी असं वेगळं मॉडेल होतं का? यातल्या “कास्टर”चा अर्थ काय? आणि मराठीत टेलिकास्टर लिहायचं की टेलिकॅस्टर?’

१९५१ साली अमेरिकेतल्या कुठल्याही दुकानात जाऊन नोकास्टर मागितली असती, तर दुकानदार तोंडाकडे बघत राहिला असता. हे नाव तेव्हा नव्हतंच. फेब्रुवारी १९५१ पासून तिथल्या उन्हाळ्यापर्यंत फेंडर या इलेक्ट्रिक गिटारी बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यातून ज्या गिटारी मॉडेलच्या नावाशिवाय बाहेर पडल्या, त्यांना पुढे कितीतरी वर्षांनी संग्राहकांनी हे टोपणनाव दिलं. ‘नो’ म्हणजे नाही, आणि ‘कास्टर’ हे गळालेल्या ‘ब्रॉडकास्टर’ या नावाचं शेपूट.

ते शेपूट कुठून आलं, तर थेट शेतातून. ‘कास्ट’ हा जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला धातू, अर्थ फेकणे. ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे मूठभर बी हाताने चौफेर फेकत पेरणं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: फोकणे. वाफ्यात मेथी-कोथिंबीर फोकतात, तिफणीने ओळीत पेरत नाहीत. रेडिओ आला तेव्हा इंग्रजीने हाच शब्द उचलला, कारण कार्यक्रमही असाच चहूकडे विखुरला जातो, ज्याच्या दारात पडेल त्याचा. मराठीने मात्र ‘प्रसारण’ आणि ‘प्रक्षेपण’ हे संस्कृत शब्द घेतले. त्यातल्या ‘प्रक्षेपण’मध्ये फेकणं शिल्लक आहे, पण कोथिंबिरीचा वास गेला.

आता गिटारीकडे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० च्या वसंतात त्याने सपाट, भरीव लाकडाची, एका पिकअपची (म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाची) ‘एस्क्वायर’ ही गिटार आणली. त्या वर्षीच्या व्यापारी प्रदर्शनात इतर कंपन्यांनी तिला होडीचं वल्हं आणि बर्फ ओढायचं फावडं म्हणून हिणवलं. पहिल्या एस्क्वायरच्या मानेत लोखंडी सळई नव्हती. तारांच्या ताणाने अशी मान वाकते आणि तारा पडद्यांपासून उचलल्या जातात. म्हणून सळई आली, दुसरा पिकअपही आला, आणि दोन पिकअपच्या गिटारीचं नाव पडलं ‘ब्रॉडकास्टर’. बारसं केलं विक्री सांभाळणाऱ्या डॉन रँडलने. तो ज्या वितरण कंपनीत होता ती रेडिओच्या सामानाच्या धंद्यातली, त्यामुळे रेडिओचा शब्द त्याच्या तोंडी होताच.

नाव शोभूनही दिसलं असतं. ही गिटार लोकांसमोर नेणाऱ्या पहिल्या वादकांपैकी जिमी ब्रायंट हा लॉस एंजेलिस भागात रेडिओ आणि टीव्हीवर चालणाऱ्या ‘होमटाउन जांबोरी’ कार्यक्रमातला वादक. पेडल स्टील ही आडवी ठेवलेली गिटार वाजवणाऱ्या स्पीडी वेस्टबरोबर त्याची जोडी होती, आणि त्याचा वेग असा की वल्हं म्हणणाऱ्यांची बोलती बंद व्हावी.

पण ब्रुकलिनच्या ग्रेच कंपनीचे ‘ब्रॉडकास्टर’ नावाचे ड्रम आधीपासून बाजारात होते. स्पेलिंगमध्ये ‘सी’च्या जागी ‘के’ एवढाच फरक. फेब्रुवारी १९५१ मध्ये ग्रेचने टेलिग्राम पाठवून हरकत घेतली आणि फेंडरने वाद न घालता नाव सोडलं. नवं नाव ठरलं, तरी छापून येईपर्यंत काम थांबवायचं कशाला? हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकावर, पाण्यात भिजवून चिकटवायची जी पातळ छापील चिकटपट्टी असते, तिच्यावरचा ‘ब्रॉडकास्टर’ एवढा भाग कात्रीने उडवला आणि उरलेलं ‘फेंडर’ चिकटवलं. अख्ख्या नोकास्टर प्रकरणाचा उगम एवढाच, एक कात्री. मराठीत या गिटारीला खुशाल ‘निनावी’ म्हणावं.

नवं नाव ‘टेलिकास्टर’, तेही रँडलचंच. रेडिओ गेला, टीव्ही आला. ‘टेली’ ग्रीक, अर्थ दूर, ‘कास्टर’ फेकणारा. शब्दशः भाषांतर हवंच असेल तर ‘दूरफेक्या’, पण ते भालाफेकीच्या मैदानावर जास्त शोभेल. गंमत म्हणजे नाव टीव्हीचं असूनही तिचं नशीब रेडिओशी बांधलेलं राहिलं. लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टचा जेम्स बर्टन किशोरवयातच टेलिकास्टर घेऊन तिथल्या केडब्ल्यूकेएच रेडिओ केंद्राच्या ‘लुइझियाना हेराइड’ या कार्यक्रमात वाजवू लागला. डेल हॉकिन्सचं १९५७ चं ‘सुझी क्यू’ हे गाणं त्याच केंद्रात ध्वनिमुद्रित झालं, त्यातली गिटार बर्टनची. १९५८ मध्ये ब्लूज गायक मडी वॉटर्स टेलिकास्टर घेऊन इंग्लंडला गेला, तेव्हा साध्या गिटारीवरच्या ब्लूजची अपेक्षा ठेवून आलेले काही श्रोते त्या आवाजाने दचकले.

जाहिरातींतल्या ‘नोकास्टर’बद्दल एक सावधगिरी. हेडस्टॉकवर मॉडेलचं नाव नाही, एवढ्यावर विश्वास ठेवू नये. टेलिकास्टरचं नाव घासून काढायला दोन मिनिटं लागतात. आधी तारा सैल कराव्यात, मागचे चार स्क्रू काढून मान सोडवावी आणि तिच्या टाचेवर, म्हणजे धडात बसणाऱ्या टोकावर, पेन्सिलीने लिहिलेली तारीख बघावी. मानेला आकार देणाऱ्या टाडेओ गोमेझची ‘टीजी’ ही आद्याक्षरं पुष्कळ जुन्या मानांवर सापडतात. मात्र ही तारीख मान तयार झाल्याची असते. गिटार त्यानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जुळवलेली असू शकते, म्हणून जानेवारीची मान निनावी गिटारीवर दिसली तर लगेच बनावट ठरवू नये. ब्रिजच्या, म्हणजे धडावर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या, पत्र्यावरच्या क्रमांकाची तर गोष्टच सोडा: पत्रे क्रमाने वापरलेच जात नसत.

या गिटारीवर आणखी एक फसवा शब्द आहे. खटका आणि बटणं असलेल्या पट्टीवरच्या मागच्या गोल बटणाला सगळे सवयीने ‘टोन’ म्हणतात. नोकास्टरच्या मूळ वायरिंगमध्ये ते टोनचं बटण नाहीच. खटका (कुठला पिकअप वाजेल ते ठरवणारा) ब्रिजच्या बाजूला असेल तेव्हा ते मानेजवळच्या पिकअपचा आवाज ब्रिजच्या पिकअपमध्ये मिसळतं. खटका मधोमध असला की मानेजवळचा पिकअप एकटा वाजतो. मानेकडे केला की तोच पिकअप कपॅसिटरमधून जाऊन घुम्म, बासकट होतो. या दोन्ही ठिकाणी बटण कितीही फिरवा, आवाजात काही फरक पडत नाही. नोकास्टरच्या हुबेहूब नकला विकत घेऊन वाजवणारे इथेच बिथरतात आणि बटण बिघडलं म्हणून नवं बसवून घेतात. बटण ठणठणीत असतं, चुकीचं असतं त्याचं नाव. त्याला ‘मिश्रणाचं बटण’ म्हटलं तर गोंधळच उरत नाही. १९५२ मध्ये वायरिंग बदललं आणि ते खरोखर टोनचं झालं.

१९५४ ला फेंडरने ‘स्ट्रॅटोकास्टर’ आणली, तेव्हा ‘कास्टर’चा फेकण्याशी संबंध संपलेला होता. ‘स्ट्रॅटो’ हे स्ट्रॅटोस्फिअरचं, शाळेच्या भूगोलातलं आपलं स्थितांबर. विमानांच्या नावांतही ते त्या काळी मिरवत होतं. स्थितांबरात कोण काय फेकणार? ‘कास्टर’ आता नुसता प्रत्यय झाला होता, अर्थ ‘फेंडरच्या घराण्यातली’. हॅम्बर्ग गावावरून आलेल्या ‘हॅम्बर्गर’मधून ‘बर्गर’ सुटा झाला आणि आपल्याकडे वडा बर्गरपर्यंत पोहोचला, तसंच. इकडून मान, तिकडून धड घेऊन जुळवलेल्या गिटारीला आज वादक ‘पार्ट्सकास्टर’ म्हणतात. आणि ‘नोकास्टर’ हे नाव पुढे फेंडरनेच जुन्या धाटणीच्या नव्या गिटारींसाठी वापरलं. म्हणजे आज त्या नावाची गिटार दुकानात खरोखर मिळते, फक्त ती १९५१ ची नसते.

राहिलं लेखन. अमेरिकन उच्चार ‘कॅस्टर’कडे झुकतो हे खरं, पण टेलिकास्ट आणि ब्रॉडकास्ट हे शब्द मराठीत ‘का’ घेऊनच रुळले आहेत, तेव्हा टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर, नोकास्टर असंच लिहावं. शिवाय ‘कॅस्टर’ म्हटलं की आपल्याला आधी एरंडेल आठवतं. लिंग गिटारीचं, म्हणून ती टेलिकास्टर, अनेकवचन टेलिकास्टरी. बोलताना ‘टेली’ आणि ‘स्ट्रॅट’ चालतात, दुकानदारही तेच म्हणतात.