चिठ्ठी डॉक्टरपेक्षा शहाणी?

प्रश्न : नव्या औषधाच्या चाचणीत ते कोणाला द्यायचं हे म्हणे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. अनुभवी डॉक्टरपेक्षा चिठ्ठी शहाणी कशी? आणि याला आधुनिक म्हणायचं?

उत्तर : चिठ्ठी शहाणी नसते, म्हणूनच ती हवी. डॉक्टर शहाणे असतात, शिवाय दयाळू. घोळ तिथेच होतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका चाचणीचे लिफाफे सांभाळत असे; कोणाला औषध द्यायचं, कोणाला नाही, याची चिठ्ठी त्यांत असे. एकदा एक डॉक्टर लिफाफा दिव्यासमोर धरून आतला शब्द वाचताना दिसले. समोरची रुग्ण तरुण होती, तिला औषध मिळावं एवढाच हेतू. पण तसेही बरे झाले असते असे रुग्ण एका बाजूला सरकले, की औषध फुकटचं श्रेय खातं. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक लिफाफ्यात काळा कागद घातला. (आठवडाभर अबोला!) आधुनिक म्हणाल, तर मला तो काळा कागदच आधुनिक वाटतो.

१९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तिथेही ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, आकड्यांवरून केलेली वाटणी बंद लिफाफ्यांत होती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले. नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. ‘मग त्या ५२ जणांवर अन्याय नाही का?’ असं तुम्ही विचारालच. औषध इतकं तुटपुंजं होतं, की ते सगळ्यांना पुरणारच नव्हतं.