नवी मुंबईत घरी धान्यापासून पाच टक्के अल्कोहोलची स्टाउट, म्हणजे काळी कडवट बिअर, करता येईल का? किराण्यातला जव चालेल का?

आधी नको ते सांगून मोकळा होतो. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा त्याखाली गुन्हा आहे, दहा लिटर का असेना. मी केली ती लीड्समध्ये. कंपनीने तीन वर्षांसाठी पाठवलं होतं, आणि तिथे 1963 पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. ऐरोलीला परतल्यावर ते मोठं पातेलं गणपतीच्या प्रसादाच्या शिऱ्याला लागलं. त्यामुळे अनुभव तिथला आणि उकाड्याचा हिशोब इथला, असं हे उत्तर आहे. उद्या तुमची बदली झाली तर कामी येईल.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: मॉल्टचा तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून जमेल का, किराण्यातला जव चालेल का, आणि इथल्या हवेत आंबवणं कसं सांभाळायचं.

जवापासून सुरू करतो, कारण सगळी गंमत तिथे आहे. मुख्य धान्य म्हणून तो चालणार नाही. जवात पिष्ट भरपूर, पण यीस्टला लागते साखर. पिष्टाची साखर करणारी विकरं पुरेशी हवी असतील तर धान्याला मोड आणावे लागतात. आपण नाचणीच्या सत्वासाठी करतो तेच: भिजवायचं, फडक्यात बांधायचं, मोड आणायचे, वाळवायचं. मॉल्ट म्हणजे दुसरं काही नाही. मग घरीच का करू नये? गेल्या जुलैत सत्वासाठी म्हणून जव घेऊन करून बघितलं. जवाला पंधरा-सोळा अंशांत चार-पाच दिवस सावकाश मोड यावे लागतात. माझ्या फडक्याला दुसऱ्याच दिवशी कुबट वास, तिसऱ्या दिवशी दाण्यांवर हिरवट बुरशी. सगळं कुंडीत गेलं. आणि 'बार्ली' म्हणून जे पांढरे गुळगुळीत दाणे मिळतात, त्यांचं टरफलाबरोबर बहुधा अंकुराचंही कल्याण झालेलं असतं. तेव्हा पेल मॉल्ट, म्हणजे बिअरचं नेहमीचं फिकट मॉल्ट, विकतच घ्या.

पण स्टाउटला काळी आणि कडवट करणारा जो भाग आहे, तिथे मात्र हाच कच्चा जव चालतो. भाजलेल्या जवाला मोड आणलेले नसतातच. ब्रिटनमध्ये सरकारचा कर मॉल्टवर होता, म्हणून पूर्वी मॉल्ट न केलेलं धान्य घालू देत नसत. तेव्हा काळ्या रंगासाठी लोक 1817 साली पेटंट घेतलेल्या भाजणीच्या पिंपातला काळा मॉल्ट वापरत. 1880 मध्ये तो कर गेला आणि भाजलेल्या कच्च्या जवाची वाट मोकळी झाली.

हे भाजण्याचं काम मी अजूनही करतो, कॉफीत मिसळायला. लोखंडी कढई, पाव किलो जव, मध्यम आच, अर्धा-पाऊण तास आणि सतत हलवणं. आधी लाह्यांसारखा वास येतो, मग बिस्किटांचा, मग करपलेल्या भाकरीचा. इथे माणूस घाबरून गॅस बंद करतो. करू नका, अजून थोडं पुढे जायचं आहे. एक दाणा दाताखाली फोडून बघा. आतून कॉफीच्या पुडीसारखा गडद हवा. कोळशासारखा झाला तर मात्र चव राखेची येते. लगेच परातीत पसरा, नाहीतर स्वतःच्या उष्णतेवर तो भाजतच राहतो. पहिल्या वेळी समोरच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं होतं, "गॅसवर काही लागलंय का हो?"

आता दहा लिटरचं प्रमाण. पेल मॉल्ट 1.8 किलो, भाजलेला जव 200 ग्रॅम, क्रिस्टल मॉल्ट (गोडसर, तांबूस मॉल्ट) 100 ग्रॅम आणि साधे ओट्स 200 ग्रॅम. ओट्समुळे जिभेवर साय फिरल्यासारखं वाटतं. मसाला ओट्स नकोत, हेही सांगावं लागतं, कारण माझ्या रूममेटने आणले होते.

भरडलेलं धान्य सात लिटर गरम पाण्यात घालून 67 अंशांवर तासभर ठेवायचं. 62-63 वर ठेवलंत तर जवळजवळ सगळ्याची साखर होते आणि बिअर पातळ, कोरडी लागते. 67 वर यीस्टला न पचणारा थोडा भाग मागे राहतो, आणि माफक ताकदीच्या स्टाउटला अंग येतं ते त्यानेच. पाणी 67 पेक्षा जास्त तापवावं लागतं, कारण धान्य ते थंड करतं. लीड्सच्या हिवाळ्यात मी साडेचौऱ्याहत्तरला घ्यायचो, ऐरोलीतल्या 28 अंशांच्या धान्याला बहात्तर पुरे. पातेलं जुन्या रजईत गुंडाळा. तासाभराने गाळा, पंचाहत्तर अंशांच्या आठ लिटर पाण्याने चोथा धुवा आणि गाळलेला सगळा रस एकत्र करून तासभर खळखळून उकळा. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, उकळीच्या सुरुवातीलाच: पाच टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा त्याचाच) गोल्डिंग्ज जातीचे 30 ग्रॅम. नंतर काही घालायचं नाही, स्टाउटला सुगंधाचा सोस नसतो. मग पातेलं बर्फाच्या टबात.

हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजणारी तरंगती नळी, आंबवण्याच्या सुरुवातीला साधारण 1.047 दाखवेल, शेवटी 1.012. फरकाला 131.25 ने गुणा, अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या जरा वर येतं. पूर्ण पाच हवी असेल तर पेल मॉल्ट 200 ग्रॅम वाढवा. हे यंत्र बहुतेक 20 अंशांसाठी आखलेलं असतं. तीस अंशांच्या रसात ते शेवटच्या आकड्यात दोन-तीनने कमी दाखवतं आणि आपण उगाच हिरमुसतो.

पाण्याचं थोडक्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उकळून घालवा, नाहीतर बिअरला दवाखान्यातल्या पट्टीचा वास येतो. भाजलेलं धान्य आम्लधर्मी असतं. आरओचं पाणी घेतलंत तर चव बोचरी आंबट होईल, तिथे खाण्याच्या सोड्याची चिमूट कामाला येते.

उकाडा हा खरा प्रश्न. स्टाउटसाठी वापरतात त्या नेहमीच्या एल यीस्टला 18 ते 20 अंश हवेत. मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये रात्रीसुद्धा 31-32 असतं, शिवाय आंबताना यीस्ट स्वतःची उष्णता टाकतं, म्हणजे भांड्यात तीन-चार अंश जास्तच. त्या तापमानाला जड अल्कोहोल तयार होतात, वास नेलपॉलिश रिमूव्हरचा आणि सकाळी डोकं धरून बसणं. ओल्या फडक्याचा माठवाला उपाय दमट हवेत लंगडा पडतो. एक तर जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक, नाहीतर क्वाइक हे नॉर्वेच्या खेड्यांतलं यीस्ट. ते पस्तीस अंशांतही स्वच्छ आंबतं. थंड देशातल्या शेतकऱ्यांनी जपलेलं यीस्ट आपल्या मे महिन्याला सोसतं याचं मला अजून नवल वाटतं.

बाटल्या भरताना फेसासाठी लिटरला पाच-सहा ग्रॅम साखर, त्यापेक्षा जास्त नाही, आणि तीही हायड्रोमीटर लागोपाठ तीन दिवस एकच आकडा दाखवत असेल तरच. मी एकदा 1.018 लाच भरल्या, कारण शनिवारी पाहुणे यायचे होते. पाहुणे आले, जेवले, गेले. मंगळवारी पहाटे कपाटात तीन बाटल्या एकामागून एक फुटल्या. तिथे माझा एकुलता एक सूट टांगलेला होता, तो काळा होता म्हणून डाग दिसला नाही, पण पुढच्या क्लायंट मीटिंगला शेजारचा सहकारी दोनदा माझ्याकडे वळून हुंगत होता.