मूल होत नाही, सोलापुरात पुरुषानं दाखवायचं कुणाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, लग्नाला ३ वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना हल्ली तुम्हाला 'जमत' नाही. आणि ओळखीचं कुणी न भेटता सोलापुरात जायचं कुठं?

मी डॉक्टर नाही, शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वीर्यतपासणीचे नमुने रोज माझ्या हाताखालून जातात, त्यामुळं एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. बायकोची फाईल चांगली जाडजूड झाल्यावर नवऱ्याचा पहिला कागद निघतो. सोनोग्राफी झाली, हार्मोन्स झाले, नळ्यांची एचएसजी, म्हणजे औषध सोडून काढलेला एक्स-रे, झाली (ती दुखते, विचारा त्यांना), आणि मग कुणीतरी म्हणतं, एकदा यांचं पण बघून घ्या. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. आणि आपली वीर्यतपासणी काही शे रुपयांत, सुई न टोचता होते. तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही, म्हणून तीच पहिली.

ती नीट द्यायची मात्र एक पद्धत आहे. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या, वेगळी खोली असते. घरून आणायचा असेल तर लॅबनं दिलेल्याच डबीत, तासाभराच्या आत, कपड्याच्या आत अंगाशी धरून आणा. तेल, साबण, थुंकी काही लावू नका, आणि साध्या कंडोममध्ये तर मुळीच आणू नका, त्यातल्या द्रव्यानं शुक्राणू मरतात. मे महिन्यात एक गृहस्थ डबी गाडीच्या डिकीत ठेवून अक्कलकोट रोडवरून आले. बाहेर ४२ अंश, डिकीत किती असेल तुम्हीच विचार करा. सूक्ष्मदर्शकाखाली एकही हलत नव्हता. त्यांना नमुना परत द्यायला लावला, तेव्हा हालचाल व्यवस्थित निघाली. पहिल्याच रिपोर्टवर औषध सुरू झालं असतं तर?

रिपोर्टमध्ये संख्या, हालचाल आणि आकार हे तीन आकडे बघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत संख्येची खालची मर्यादा दर मिलीलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के आणि नॉर्मल आकाराचे ४ टक्के अशी आहे. हो, ४ टक्केच. '९६ टक्के खराब' असं वाचून माणसं खचतात, उगाच. आकडा थोडा खाली आला म्हणजे बाप होणार नाही असंही नाही. एक रिपोर्ट बिघडला तर काही आठवड्यांनी दुसरा करतात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून मागच्या महिन्यातला मोठा ताप आजच्या आकड्यात दिसतो आणि आज सुधारलेली सवय तीन महिन्यांनी.

सवयींचं म्हणाल तर मावा आणि सिगारेट आधी. सोलापुरात मावा न खाणारा माणूस शोधावा लागतो, मला माहीत आहे. वृषण शरीरापेक्षा दोनेक अंश थंड असावे लागतात, त्यामुळं सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायच्या कारखान्यात), बॉयलरपाशी किंवा दिवसभर ट्रकच्या सीटवर बसून काम असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, इंजेक्शन दिलं असेल तर तेही सांगा. 'ताकद वाढवणारं' ते इंजेक्शन शुक्राणूंची संख्या थेट शून्यावरसुद्धा नेऊ शकतं.

रिपोर्ट घेऊन जायचं ते युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाकडे. ते हातानं तपासतील, लाजू नका. कधी अंडकोषात, बहुधा डाव्या बाजूला, शिरा फुगलेल्या असतात, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. १०० पुरुषांत साधारण १५ जणांना तो असतो, मूल न होणाऱ्यांत त्याहून बराच जास्त, आणि गरज पडल्यास ऑपरेशननं सुधारतो. पाणी भरून अंडकोष मोठा होतो ते हायड्रोसील, आपल्याकडं अंडवृद्धी म्हणतात. हत्तीरोगानंही ते होतं, आणि सोलापूर हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला जिल्हा, त्यामुळं ते इथं नवीन नाही. त्यासाठी सिव्हिलच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, सर्जरी ओपीडीत दाखवता येतं.

आता 'जमत नाही' याबद्दल. तारीख ठरलेली, आई बाहेर वाट बघतेय, आणि आज झालंच पाहिजे. अशा वेळी भल्याभल्यांचं जमत नाही. सकाळी उठताना ताठरता येते का, एवढं स्वतःशी बघा. येत असेल तर शरीर बहुधा ठीक आहे, अडचण ताणाची आहे. येतच नसेल तर आधी फिजिशियन गाठा आणि शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल बघा. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड तिथं आधी कळतो, हृदयाच्या दुखण्याच्या काही वर्षं आधीसुद्धा. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सांगितली तर रक्त सकाळीच द्या, दुपारी ते कमी येतं. मेडिकलमधून ताठरतेची गोळी घेऊन बघू, हे नको. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर त्या दोन्ही गोळ्यांनी मिळून बीपी जिवावर बेतेल इतका पडतो.

ओळखीच्या माणसांची भीती असेल तर सिव्हिलच बरं, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. तिथं अक्कलकोट, तुळजापूर, विजयपूरकडून इतकी माणसं येतात की कोण कुठल्या ओपीडीच्या रांगेत आहे हे कुणी बघत नाही. जळजळ, पू, जखम, खाज असं काही असेल तर त्वचा व गुप्तरोग विभागात जा. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी आणि औषध मोफत असतं, एचआयव्हीची तपासणीही. फोनवरच विचारायचं तर १०९७, ही एड्सची सरकारी हेल्पलाइन. मनावरचा ताण बोलायचा असेल तर १४४१६, मराठीत बोलतात. यासाठी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला पळायची गरज नाही. टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत गोष्ट गेलीच तर सेंटर २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेलं आहे का, हे आधी विचारा.

स्टँडजवळच्या भिंतींवर 'गुप्तरोग, हमखास इलाज' लिहिलेलं असतं, किंवा महिन्यातून एकदा लॉजवर उतरणारे वैद्य असतात, तिथं जाऊ नका. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. त्यांचं निम्मं गिऱ्हाईक 'धातू जाते' म्हणून घाबरलेली पोरं असतात. स्वप्नदोष हा रोग नाही, हस्तमैथुनानं वीर्य संपत नाही, आणि त्या पुड्यांत काय घातलंय हे कागदावर कुठंच नसतं.

एक गोष्ट मात्र सकाळपर्यंत थांबवू नका. एका बाजूचा वृषण अचानक असह्य दुखला, वर ओढल्यासारखा झाला, उलटी आली, तर तो पिळला गेलेला असू शकतो. सहा तासांत ऑपरेशन झालं तर बहुतेकदा वाचतो. रात्री दोन वाजले तरी थेट तातडीच्या विभागात जा. न दुखणारी कडक गाठ लागली तर एवढी घाई नाही, पण त्याच आठवड्यात दाखवा. वृषणाचा कॅन्सर तुमच्या-माझ्या वयातच जास्त होतो आणि लवकर सापडला तर बहुतेक बरा होतो.

तुमची शुगर शेवटची कधी तपासली आणि मावा चालू आहे का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. खाली कळवा, म्हणजे आधी फिजिशियन की युरोलॉजिस्ट ते सांगतो.