सगळं ग्रीन आहे म्हणतात तेव्हा: टीम सांभाळणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या वेळी म्हटलं होतं की टेक्नॉलॉजी क्षेत्रात टीम सांभाळणाऱ्यांनी प्रश्न पाठवा, तर एवढे आले की सगळे घेणं शक्यच नाही. सारखे वाटले ते बाजूला ठेवून पाच घेतलेत. कोडिंगपासून सुरुवात करून पुढे बरीच वर्षं टीम्स आणि मग अख्खी डिपार्टमेंट्स सांभाळल्यावर माझं एक मत पक्कं झालंय आणि ते उत्तरांमध्ये सारखं डोकावणार, त्याला इलाज नाही. वाईट बातमी लीडरपर्यंत किती लवकर पोचते यावर बाकीचं बरंचसं ठरतं. व्हिजन वगैरे नंतर.

प्रश्न: मॅडम, टीममध्ये सगळ्यात चांगला कोड माझा होता म्हणून मला लीड केलं. आता दिवसभर मीटिंग्ज आणि रात्री बसून मी पोरांचा कोड दुरुस्त करतो, कधी कधी पूर्ण परत लिहितो, कारण समजावत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. थकलोय. काय करू?

तुम्ही थकलाय ते दिसतंय, पण टीमचं काय होतंय ते बघितलंत का? संध्याकाळी दिलेला कोड सकाळी बदललेला दिसला की माणूस दोन गोष्टी शिकतो. एक म्हणजे फार डोकं लावायची गरज नाही, सर करतीलच. दुसरी म्हणजे अडलं तरी बोलायचं नाही, कारण बोललं की काम हातातून काढून घेतात. ही दुसरी जास्त महागात पडते.

स्वतः केलं की लवकर होतं हे खरंय, पण तेच काम पाचव्यांदा येतं तेव्हाही तुम्हालाच करावं लागतं. कोड लिहिणं पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही, हात चालू राहिला पाहिजे, फक्त क्रिटिकल पाथवरचं काम स्वतःकडे घेऊ नका. एखादं छोटं टूल, जुना किचकट बग, टेस्ट्स, म्हणजे तुम्ही मीटिंगमध्ये अडकलात आणि चार दिवस पडून राहिलं तरी रिलीज थांबणार नाही असं काहीतरी घ्या. आणि रिव्ह्यूमध्ये कोड बदलून देऊ नका, प्रश्न लिहा. "इथे लिस्ट रिकामी आली तर?" "हा कॉल टाइमआउट झाला तर युजरला काय दिसेल?" उत्तर त्यालाच शोधू दे, पहिले काही आठवडे जीव वरखाली होईल तुमचा, होऊ द्या. तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने लिहिलंय म्हणजे चुकीचंच आहे असंही नाही हो. व्हेरिएबलच्या नावावरून अर्धा तास वाद घालणारे लीड बघितलेत मी, त्या कामाला लिंटर (कोड लिहायचे नियम आपोआप तपासणारं टूल) असतो.

प्रश्न: आमच्याकडे एका ज्युनियरने टेस्टचा डेटाबेस समजून प्रोडक्शनमधलं, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिममधलं, टेबल उडवलं. डेटा परत आणला पण सिस्टिम काही तास बंद होती. आता वरचे म्हणतात जबाबदार कोण त्याचं नाव द्या. पोरगा रडकुंडीला आलाय. नाव दिलं तर तो जाईल, नाही दिलं तर बहुतेक मी.

नाव लपवू नका, पण नाव म्हणजे उत्तर नाही हे वरच्यांना पटवणं हे तुमचं काम आहे आणि ते तुम्हालाच करावं लागेल, एचआर करणार नाही.

कोड साठवायची ऑनलाइन सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीचं उदाहरण वरच्यांसमोर ठेवा, त्यांनी स्वतःच ते सगळं जाहीर केलंय. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या त्यांच्या एका इंजिनिअरने सेकंडरी (राखीव) डेटाबेसचं फोल्डर रिकामं करतोय असं समजून प्रायमरी, म्हणजे मुख्य, सर्व्हरवरच डिलीट कमांड चालवली. एकदोन सेकंदात लक्षात आलं, कमांड थांबवली, तोपर्यंत ३०० जीबीच्या आसपास डेटामधला साडेचार जीबी उरला होता. बरं, बॅकअप होते ना? बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि त्यातली एकही वेळेला धड उपयोगी पडली नाही. रोजचा डेटाबेस डंप (सगळ्या डेटाची प्रत) तर आधीपासूनच फेल होत होता कारण टूलचं व्हर्जन डेटाबेसच्या व्हर्जनशी जुळत नव्हतं, आणि आता नीट बघा, फेल झाल्याचे ईमेल सिस्टिम पाठवत होती, पण त्यांवर हवी ती डिजिटल सही नाही म्हणून मेल सर्व्हर ते परत लावत होता. म्हणजे वाईट बातमी निघत होती आणि कुणाकडेच पोचत नव्हती. शेवटी त्याच इंजिनिअरने साधारण सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) घेतला होता, त्यावरून डेटा परत आणला, मधल्या तासांचा गेला तो गेलाच.

आता सांगा, त्या माणसाला काढून बॅकअप चालू झाले असते का? उलट स्नॅपशॉट घेणाराच गेला असता.

तुमच्याकडेही हेच करा. वरच्यांना नावाऐवजी एक दोन पानी रिपोर्ट द्या, मिनिटामिनिटाचा टाइमलाइन आणि खाली सरळ प्रश्न: ज्युनियरकडे प्रोडक्शनवर लिहायचा ॲक्सेस का होता? टेस्ट आणि प्रोडक्शनची टर्मिनल विंडो एकसारखीच का दिसते? टेबल उडवणारी कमांड दुसऱ्याच्या परवानगीशिवाय चालतेच कशी? रिस्टोअरला एवढे तास का लागले, शेवटची रिस्टोअरची प्रॅक्टिस कधी झाली होती? (बॅकअप घेतो असं सगळेच सांगतात, रिस्टोअर करून बघितलंय का विचारलं की लोक इकडेतिकडे बघायला लागतात.) प्रत्येक प्रश्नापुढे एक काम, एक माणूस, एक तारीख. "यापुढे काळजी घेतली जाईल" हे वाक्य रिपोर्टमध्ये दिसलं तर खोडून टाका, काळजी घेणे हे काम नाही, त्याला डेडलाइन लावता येत नाही.

आणि त्या मुलाला टाइमलाइन लिहायला बसवा, तुमच्या शेजारी. काय झालं ते त्यालाच सगळ्यात जास्त माहितीये. तो घाबरून गप्प झाला तर हे सगळं अंदाजाने लिहावं लागेल, आणि पुढच्या वेळी ज्याच्या हातून काही होईल तो आधी लॉग पुसेल आणि मग तुम्हाला सांगेल. एकच अपवाद ठेवते. मुद्दाम केलं असेल किंवा झाल्यावर लपवलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मी मऊ नाही.

प्रश्न: प्रोजेक्ट लेट आहे. मॅनेजमेंट म्हणतंय आणखी सहा लोक देतो पण तारीख हलणार नाही. लोक घ्यावेत का?

फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर वाढतो, आणि ते हवेत बोलत नव्हते, आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम त्यांनी सांभाळलं होतं. साधा हिशोब करून दाखवा. सहा जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या जोड्या होतात १५. बारा जण केले की ६६. माणसं दुप्पट आणि बोलाचाली चौपटीहून जास्त, शिवाय नवीन सहा जणांना शिकवायला जुनेच बसणार, म्हणजे ज्यांच्या हातात काम आहे त्यांचेच हात काढून घेतले.

पण नुसतं "नको" म्हणून येऊ नका, मॅनेजमेंटला तो हट्ट वाटतो. लोक घ्या पण आत टाकू नका, बाजूला लावा: टेस्ट ऑटोमेशन, डेटा मायग्रेशनच्या स्क्रिप्ट्स, सपोर्टचे कॉल, म्हणजे ज्याला कोडच्या पोटात शिरावं लागत नाही आणि ज्याने तुमच्या जुन्या लोकांचा दिवस मोकळा होतो. आणि त्याच मीटिंगमध्ये स्कोपची, म्हणजे काय काय बनवायचंय त्याची, यादी टेबलावर ठेवा. तारीख हलणार नाही ना, मग यातलं काय पहिल्या दिवशी नसलं तरी चालेल ते तुम्ही सांगा. हा प्रश्न विचारायला लोक फार घाबरतात, का ते मला अजून कळलेलं नाही, कारण बहुतेक वेळा समोरून दोनतीन गोष्टी पटकन कमी होतात.

प्रश्न: दर आठवड्याच्या स्टेटसमध्ये सगळे ग्रीन, म्हणजे सगळं ठीक, दाखवतात. मीटिंगमध्ये "काही अडचण?" विचारलं की शांतता. आणि रिलीजच्या आठवड्यात एकदम रेड. लोक खोटं का बोलतात?

लोक खोटं बोलत नाहीत हो, थांबून बघत असतात. पुढच्या आठवड्यात सुटेल असं खरंच वाटत असतं त्यांना. आयटीत याला गमतीने वॉटरमेलन स्टेटस म्हणतात, बाहेरून हिरवा, आतून लाल.

आधी हे आठवून बघा की तुमच्याकडे शेवटचं रेड कुणी दाखवलं आणि त्याच्या वाट्याला काय आलं. रोज संध्याकाळी अपडेट कॉल, वरून तीन जणांचे ईमेल, ॲक्शन प्लॅनची एक्सेल शीट? मग पुढचा माणूस कशाला दाखवेल. रेड दाखवल्यावर मदत आली पाहिजे, रिपोर्टिंग वाढता कामा नये, हे एकदा जरी सगळ्यांसमोर घडलं तरी पुढच्या आठवड्यात दोन पिवळे दिसतील, बघा.

दुसरं म्हणजे "काही अडचण?" हा प्रश्नच बदला. प्रश्न कुठल्या बाजूने विचारला यावर किती अवलंबून असतं त्याचं भयंकर उदाहरण चॅलेंजर स्पेस शटलचं. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचे इंजिनिअर नासाला टेलिफोन कॉन्फरन्सवर सांगत होते की एवढ्या थंडीत ओ-रिंग (बूस्टरचे सांधे बंद ठेवणारी रबरी कडी) नीट सील होणार नाही, उडवू नका. म्हणजे इथे तर लोक बोलले होते. पण नंतर चौकशीत त्या इंजिनिअर्सनी सांगितलं की नेहमी सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागायचं आणि त्या रात्री उलटं झालं, सुरक्षित नाही हे सिद्ध करा असा दबाव आला. कंपनीच्याच एका वरिष्ठाने दुसऱ्याला सांगितलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. शिफारस फिरवली गेली. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदात शटल फुटलं, सात जण गेले.

आपल्या रिलीजमध्ये जीव जात नाहीत (काहींच्या जातात, मेडिकलवाल्यांनी लक्ष द्या) पण पद्धत तीच असते. "सगळं ठीक ना?" असं विचारलं की नाही म्हणणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो. त्याऐवजी विचारा, "ही तारीख चुकली तर सगळ्यात आधी कशामुळे चुकेल?" इथे गृहीतच धरलंय की काहीतरी चुकणार, म्हणून सांगणारा वाईट ठरत नाही. बोलायची सुरुवात सगळ्यात ज्युनियरपासून करा आणि तुम्ही शेवटी बोला, आधी बोललात की बाकीचे तुमचंच वाक्य फिरवून सांगणार. आणि विचारल्यावर गप्प बसा, तीन सेकंदांनी स्वतःच उत्तर देऊ नका, शांतता सहन होत नाही आपल्याला पण ती करावी लागते.

प्रश्न: पन्नाशी आली. टीममधली मुलं एआय टूल्स वापरून जे करतात ते मला अर्धंच समजतं. विचारलं तर मान जाईल असं वाटतं.

उलट न विचारता मान डोलावलीत तर जाईल, आणि मुलांना ते लगेच कळतं. टूल त्यांच्याकडून शिका, पण तुमच्याकडचे प्रश्न त्या टूलला माहीत नसतात, ते विचारत राहा. हा कोड रात्री बंद पडला तर कुणाला कळेल आणि कसं? परत आधीच्या व्हर्जनवर जायला किती मिनिटं लागतात? हे लिहिणाऱ्याला हे समजलंय का, की नुसतं चालतंय म्हणून टाकलंय? पुढच्या रिलीजला केबिनमध्ये बसू नका, जो डिप्लॉय करणार आहे, म्हणजे नवा कोड चालू सिस्टिमवर चढवणार आहे, त्याच्या शेजारी खुर्ची ओढा आणि प्रत्येक स्टेपला तो काय बघतोय ते त्याला मोठ्याने सांगायला लावा, समजलं नाही तिथे थांबवा. बहुतेक एखाद्या ठिकाणी तोही अडखळेल, आणि ती स्टेप त्या दिवशी लिहून काढायला लागेल.