2.30 अन् 1.20 मिळून किती?

या अंकासाठी जी पत्रं अन् व्हॉट्सॲप मेसेज आले त्यात गणिताचे कमी अन् भांडणाचेच जास्त आहेत. कोणाचं शेतावरून, कोणाचं शाळेवरून, कोणाचं बचत गटावरून. पण उकलून पाहिलं तर सगळीकडे तेच, साधी बेरीज नाहीतर भागाकार, उत्तरं दोन, अन् दोन्हीकडचे लोक छातीठोक. आधी हलकं घेतो, मग जडाकडे जाऊ.

प्रश्न : सर, आमच्या गावच्या ग्रुपवर कोणीतरी 6÷2(1+2) टाकलं. अर्धे 1 म्हणून राहिले, अर्धे 9. मोबाईलवर 9 येते, पोराच्या कॉलेजच्या कॅल्क्युलेटरवर 1 येते. खरं कोणतं? (एक वाचक, कारंजा लाड)

उत्तर : दोन्ही मशीन धड आहेत, भाऊ, प्रश्न वाकडा आहे. आपण शाळेत कंचेभागुबेव घोकलं, आठवते ना, कंस, मग चे, मग भागाकार. त्यातला 'चे' भागाकाराच्या आधी येतो. 2(1+2) हे '2 चे 3' असं वाचलं तर आधी 6 होतात अन् 6 भागिले 6 म्हणजे 1. तेच तुम्ही 6÷2×3 असं वाचलं तर डावीकडून चालायचं, 3 गुणिले 3, 9. बरेचसे कॅसिओचे सायंटिफिक कॅल्क्युलेटर पहिल्या पद्धतीनं वाचतात, गुगल दुसऱ्या. 2019 मध्ये 8÷2(2+2) वरून जगभर अशीच हाणामारी झाली होती, तिथं 1 की 16. गणितवाला माणूस कामाच्या ठिकाणी असं लिहीतच नाही, एक कंस जास्तीचा टाकतो अन् मोकळा होतो. ग्रुपवर टाकणाऱ्याला म्हणा, कंस टाक मग बोल.

प्रश्न : सर, आमच्या बुढ्याच्या नावावर दोन तुकडे होते, जुन्या वाटणीच्या कागदावर एक 2.30 अन् एक 1.20 असा लिवलेला हाय. पुतण्यानं मोबाईलवर बेरीज केली त 3.50 आले. मोठा भाऊ म्हणते 4.10 होते, हा पोट्टा मले शिकवते काय. आता दोघंही एकमेकाशी बोलत नाई. अर्धं-अर्धं कराचं हाय, कोणाचं खरं धरू? (एक शेतकरी, दर्यापूर तालुका)

उत्तर : भाऊ, तुम्ही सगळं लिहिलं पण आकडे कशाचे ते लिहिलं नाही, अन् सगळं भांडण तिथंच आहे.

कागद एकर-गुंठ्याचा असेल तर मोठ्या भावाचं खरं. 40 गुंठ्याचा एक एकर. 30 अन् 20 मिळून 50 गुंठे, त्यातल्या 40 चा एकर झाला, उरले 10, म्हणून 4 एकर 10 गुंठे, सव्वाचार एकर. इथं मधला टिंब हा दशांश चिन्ह नाहीच, ती नुसती एकर अन् गुंठ्याच्या मधली भिंत आहे, अन् मोबाईलला ते कळायला काही मार्ग नाही. पुतण्या क्रिकेट पाहतच असेल, त्याला विचारा 4.5 ओव्हर अन् 0.3 ओव्हर मिळून किती, 4.8 म्हणणार नाही, बरोबर 5.2 म्हणेल, कारण बॉल सहाच असतात हे त्याला पक्कं माहीत आहे.

पण कागद हेक्टर-आरचा असेल तर पुतण्याचं खरं. 100 आरचा एक हेक्टर, तिथं मोबाईलची बेरीज चालते, 3 हेक्टर 50 आर, म्हणजे साधारण 8 एकर 26 गुंठे. अन् तिसरंही एक आहे, एकराच्या शंभराव्या भागाला डिसमिल म्हणतात, कागद एकर-डिसमिलचा निघाला तर 3.50 म्हणजे सरळ साडेतीन एकर. पाहा म्हणजे, एकच बेरीज अन् जमीन कुठं साडेतीन एकर, कुठं सव्वाचार, कुठं साडेआठच्याही वर. वाटणीत हा फरक म्हणजे दोन पिढ्यांचं वैर.

आता ओळखायचं कसं. टिंबाच्या पुढं 40 किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर ते गुंठे नाहीत एवढं नक्की. तुमचे दोन्ही आकडे नेमके 40 च्या आतले, त्यामुळे नुसतं पाहून कळणार नाही. मग आजचा सातबारा काढा, त्यावर क्षेत्र हेक्टर, आर अन् चौरस मीटरमध्ये असते. दोन्ही तुकड्यांचं मिळून 1.72 हेक्टरच्या आसपास भरत असेल तर जुना कागद एकर-गुंठ्याचा. 1.42 च्या आसपास असेल तर डिसमिलचा. 3.50 च असेल तर हेक्टरचा. पोटखराब क्षेत्र, म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन, सातबाऱ्यावर वेगळं दाखवतात, ते मिळवायला विसरू नका, नाहीतर बेरीज जुळणार नाही अन् तुम्ही मला शिव्या द्याल. मधल्या काळात एखादा बांध, पांदण किंवा रस्ता निघाला असेल तर थोडं इकडंतिकडं होणार.

अर्धं करतानाही सांभाळा. गुंठ्याचा कागद असेल अन् पुतण्याच्या 3.50 चे मोबाईलवर दोन भाग केले तर 1.75 येईल, अन् 75 गुंठे अशी वस्तूच नाही. सव्वाचार एकराचे दोन भाग म्हणजे प्रत्येकी 2 एकर 5 गुंठे. हे लिहिताना 2.5 लिहू नका बरं, वाचणारा अडीच एकर वाचेल. 2.05 लिहा, त्याहून चांगलं म्हणजे एकर अन् गुंठे हे शब्दच पूर्ण लिहा, शाईचा काही तोटा नाही.

प्रश्न : सर, मुलगी पाचवीत आहे. पेपरात आलं होतं, 100 मीटर सरळ रस्त्याच्या एका कडेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत दर 10 मीटरवर एक झाड, तर झाडं किती. तिनं 10 लिहिलं, चूक दिली, म्हणे 11. तिचे बाबा म्हणतात आपल्या भाजीच्या वाडीला 100 मीटर कुंपण केलं तेव्हा 10 च खांब लागले, शाळेचंच चूक आहे. (एक आई, हिंगणघाट तालुका)

उत्तर : ताई, शाळेचंही बरोबर अन् तिच्या बाबांचंही, मार्क मात्र परत मिळणार नाहीत. सरळ रस्त्यावर पहिलं झाड शून्यावर लागते, मग 10, 20 करत शेवटचं 100 वर, म्हणून 11. वाडी समजा 30 बाय 20 मीटरची आहे, चारी बाजू मिळून 100, तिथं फिरून आलं की शंभरावा मीटर म्हणजे पहिलाच खांब, म्हणून 10. अन् दोन्ही टोकांना आधीच गोठ्याची भिंत अन् शेजाऱ्याचा खांब असेल तर मधात 9 पुरतात. दुकानातून खांब आणायच्या आधी हे पाहून घ्यावं, रोही अन् डुकरं एक खांब कमी पडला म्हणून थांबत नाहीत.

अन् असं फक्त आपल्याच पोरांचं चुकते असंही नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 13 वर्षांच्या पोरांना एका मोठ्या चाचणीत विचारलं होतं, 1128 सैनिक, एका बसमध्ये 36 बसतात, बस किती लागतील. भागाकार बहुतेकांचा बरोबर आला, पण 29 टक्के पोरांनी '31 अन् बाकी 12' असं लिहून दिलं, अन् 32 बस म्हणणारे फक्त 23 टक्के. ते 12 सैनिक अजून तिथंच उभे असतील. घरी मुलीला हे विचारा, वरातीला 50 माणसं, गाडीत 9 बसतात, गाड्या किती? सहा. अन् 50 मीटर ठिबकच्या नळीचे 9-9 मीटरचे तुकडे किती? पाच, उरलेली 5 मीटर नळी बाजूला ठेवायची. भागाकार तोच, उत्तरं दोन.

प्रश्न : दादा, आमच्या गटात 2 टक्के व्याज आहे अन् दुसरीकडे 12 टक्क्यांनी कर्ज देतो म्हणतात. 2 टक्केच स्वस्त ना? (बचत गटातली एक ताई, घाटंजी तालुका)

उत्तर : ताई, सही करायच्या आधी विचारलं हे फार चांगलं केलं. गावात 2 टक्के म्हटलं की ते महिन्याचं असते, शंभराला दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाचे 24 टक्के. दुसरीकडचे 12 बहुतेक वर्षाचे असतील. पण तेवढ्यावर थांबू नका, व्याज कशावर लावतात तेही विचारा. 12,000 रुपये घेतले, दर महिन्याला 1000 मुद्दल फेडलं अन् व्याज उरलेल्या रकमेवर असेल तर पहिल्या महिन्यात 120, मग 110, असं उतरत वर्षाचं व्याज होते 780. अन् तेच 'फ्लॅट' असेल, म्हणजे फेडत जा तरी व्याज पूर्ण 12,000 वरच, तर 1440. दोन्ही जागी पाटीवर 12 टक्केच लिहिलेलं असते! मला विचाराल तर फ्लॅट म्हटलं की दहा मिनिटं घरी जाऊन विचार करून यावा. गटाचं एक मात्र वेगळं आहे, तुमचे 24 टक्के महाग दिसतात पण ते व्याज गटातच राहते, तुमचाही त्यात वाटा आहे, तेवढं वजा धरून मग तुलना करा.

प्रश्न : सर, 16 टक्के ओल असलेलं 100 किलो सोयाबीन वाळवून 12 टक्क्यांवर आणलं. 16 मधून 12 गेले, 4 किलो घटायला पाहिजे, पण घटलं साडेचार. काटा खोटा आहे का? (एक वाचक, वाशीम तालुका)

उत्तर : काटा खरा आहे. 100 किलोत 16 किलो पाणी, म्हणजे कोरडा दाणा 84 किलो, तो उन्हात उडून जात नाही. वाळल्यावर हाच 84 किलो दाणा नव्या वजनाचा 88 टक्के झाला, म्हणून 84 भागिले 0.88, साधारण 95 किलो 450 ग्राम. पहिले 16 टक्के शंभर किलोचे होते, नंतरचे 12 टक्के साडेपंच्याण्णवचे, ते एकमेकातून थेट वजा होत नाहीत. तेव्हा 16 ओलीच्या क्विंटलमागं कोणी व्यापारी 4 किलोच कापत असेल तर तो तुम्हाला लुटून नाही राहिला, त्याचंच अर्धा किलो जाऊन राहिलं. 6-7 कापत असेल तर मात्र हा हिशोब त्याच्यासमोर कागदावर मांडा, अन् ओल मोजायची मशीन पोत्याच्या वरचा दाणा घेते की मधला, तेही उभं राहून पाहा.