मालवणीत दिलेली शिवी गुगलवरून पुसता येते का?

प्रश्न: ताई, तारकर्लीजवळ आमचा होमस्टे आहे, चार खोल्या, जेवण आई करते. जुलैत पुण्याची एक फॅमिली राहून गेली, जाताना हसत गेली आणि घरी पोचल्यावर गुगलवर एक स्टार, 'मालवणात येऊन फ्रिजमधली सुरमई खाल्ली, शुद्ध फसवणूक'. माझं डोकं फिरलं, रात्री साडेअकराला खाली लिहिलं, 'तुझ्या बापाशीन कधी सुरमय बघल्यान काय', आणि पुढे अजून थोडं, ते इथे लिहीत नाही. त्याचा स्क्रीनशॉट आता कोकण फिरणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय, दिवाळीचं एक बुकिंग गेलं. वर कोणीतरी माझा फोटो लावून इन्स्टावर खोटं अकाउंट काढलंय आणि बायकांना घाण मेसेज पाठवतंय. गावातले म्हणतात वकिलाची नोटीस पाठव. काय करू? (वय २६, तालुका मालवण)

उत्तर: आधी मला सांग, सुरमई फ्रिजमधलीच होती ना? असणारच रे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, ताजी सुरमई आणणार कुठून. म्हणजे तो माणूस खोटं बोललेला नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं एवढंच, आणि ते सांगायचं काम तुझं होतं. तुझं नाव त्याच्या एका स्टारने गेलेलं नाही, तुझ्या साडेअकराच्या उत्तराने गेलंय.

नोटिशीचं डोक्यातून काढ. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे वगैरे सगळं खरं, पण जेवणाबद्दलचं गिऱ्हाईकाचं मत म्हणजे बदनामी हे कोर्टात पटवताना तुझे दोन सीझन जातील, आणि तुझी शिवी तिथे मोठ्याने वाचली जाईल ती वेगळीच. २००३ साली अमेरिकेत बार्ब्रा स्ट्रायसँड या गायिकेने समुद्रकाठच्या आपल्या बंगल्याचा फोटो काढून टाका म्हणून केस केली. तोवर तो फोटो फक्त सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोन तिच्याच वकिलांनी. केसची बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांवर लोक बघून गेले आणि केसही ती हरलीच.

गुगलवर मालकाचं उत्तर नंतर बदलता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आज रात्री नको, उद्या सकाळी चहा झाल्यावर बदल. 'माझी भाषा चुकली, माफी मागतो. जून-जुलैत बंदी असल्याने आम्ही साठवलेले मासे देतो, हे आधी सांगायला हवं होतं, आता बुकिंगच्या वेळीच सांगतो.' बास, त्यापुढे एक शब्द नको आणि 'पण' तर अजिबात नको. आणि मग खरंच सांगायला लाग, मेन्यूवरच लिही, पावसाळ्यात सुकटीची चटणी, फणसाची भाजी, कुळथाची पिठी ठेव, लोक त्यासाठीही येतात. ज्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतोय तिथे जाऊन वाद घालू नकोस, दर कमेंटला ती पोस्ट परत वर येते. मुंबईच्या चुलतभावांकडून पाच स्टार घ्यायचं तर डोक्यातही आणू नकोस, गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि एकाच दिवशी बारा जणांनी 'खूप छान' लिहिलं की शेंबडं पोरही ओळखतं. राहून गेलेल्यांना, जमलं तर लिहा म्हणून सांग, त्या बदल्यात डिस्काउंट मात्र देऊ नको.

खोट्या अकाउंटचं प्रकरण वेगळं, तिथे गप्प बसायचं नाही. आधी प्रोफाइलची लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट ठेव, मग इन्स्टावर तोतयेगिरी म्हणून रिपोर्ट कर, ओळखीच्यांनाही करायला सांग, आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाक. दुसऱ्याचं सोंग घेऊन लोकांना फसवलं तर आयटी कायद्याच्या ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुझ्या नावाने कोणाकडून पैसे उकळले असतील तर ज्याचे गेले त्याला लगेच १९३० वर फोन करायला लाव.

प्रश्न: स्थळं बघताहेत, मुलाकडचे फेसबुक बघतात म्हणे. माझ्या कॉलेजातल्या पोस्टी फारच बालिश आहेत. (रत्नागिरी)

उत्तर: सेटिंगमध्ये जुन्या सगळ्या पोस्टी एकदम फक्त फ्रेंड्सपुरत्या करता येतात, दोन मिनिटांचं काम. पण त्या फ्रेंड्समध्ये त्यांच्या आत्याची सून नाही ना ते बघ, रत्नागिरीत असतेच. आणि मुलाच्या जुन्या पोस्टी तूही खालपर्यंत वाचून काढ.